शितपांचा रिकामा खांदा

रत्नागिरी,
फाल्गुन वद्य दशमी, शके १८५५

तीर्थस्वरूप आप्पामामांस,

हरीचा साष्टांग नमस्कार. (ह्या खेपेला तो सात अंगांचाच धरावा. आठवं अंग, म्हणजे उजवा खांदा, सुजलाय आणि कशालाही टेकत नाही. कारण पुढे येईलच.) तुमचा दमा कसा आहे? मामीने दाढ काढली, की अजून लवंगेवरच भागवतेय? इथे माझी प्रकृती खांदा सोडून, दोन्ही तळपाय सोडून आणि पाठीचा थोडा भाग सोडून उत्तम आहे.

बातमी अशी की मी माझी पहिली केस जिंकलो. म्हणजे तशी ती केस नव्हती, कारण कोर्टात कुणी गेलंच नाही. आणि मी जिंकलो असं छातीवर हात ठेवून म्हणवतही नाही (उजवा हात छातीपर्यंत पोचत नाही हे एक, पण दुसरंही कारण आहे). अकरा माणसं कामावर परत गेली एवढं मात्र शंभर टक्के खरं. घरच्यांनी माझं नाव हरिश्चंद्र ठेवलंय, तेव्हा आता सगळं पहिल्यापासून आणि जसं घडलं तसं लिहितो. चहा घेऊन बसा.

बाबांनी मला दिलेली मुदत तुम्हाला ठाऊकच आहे. पाडव्यापर्यंत एक तरी केस जिंकून दाखव, नाहीतर मुकाट्याने मुंबईला ये आणि सॉलिसिटरच्या कचेरीत बस. पाडवा आता पाच-सहा दिवसांवर आलाय. मी इथे दिवाळीनंतर खोली घेतली आणि दारावर मोठ्या हौसेने पाटी लावली: ‘कामगारांचे वकील’. पहिल्या तीन महिन्यांत पाटी वाचून सात जण आले. त्यांतल्या पाच जणांना वाटलं की मी कामगार पुरवतो, आणि त्यांना आंब्याच्या बागेला राखणदार हवे होते. सहावा वाटणीचं भांडण घेऊन आला होता. सातवा पाटी रंगवणारा, तो ‘कामगारांचे’वरचा अनुस्वार विसरला होता, तो द्यायला आला. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा मला तोंडपाठ, ट्रेड डिस्प्यूट्स ॲक्ट तोंडपाठ, पण रत्नागिरीत कुणाचा हात यंत्रात सापडेना आणि कुणी संप करीना. (असं मनात आलं की मलाच लाज वाटायची, पण यायचं खरं.)

मग धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या दारात अकरा माणसं उभी राहिली. अकराच्या अकरा गुलालाने लाल. मला वाटलं शिमग्याचं सोंग आलंय, म्हणून मी आतून नारळ घेऊन आलो. तेव्हा सगळ्यांत पुढचा, पन्नाशीचा काटक माणूस म्हणाला, “नारळ रव् द्या वकीलसायेब. शेटनी आमची नावां काडलान.” हा भिवा. आपल्याच गावचा. खाडीकाठी जो कौलांचा कारखाना आहे तिथल्या भट्टीवरचा मुख्य माणूस. जाळाचा रंग बघून आत कौलं किती भाजली ते सांगतो, आणि बारा वर्षांत एकदाही चुकलेला नाही. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “तू रावजीचा ना? तुझा बापूस आनि मी एका फांदीवरनं पडलंव.” बाबांच्या हनुवटीवरचा व्रण आठवून मी लगेच केस घेतली.

आता भानगड काय ती सांगतो. दरवर्षी शिमग्यात आपल्या सोमजाईची पालखी घरोघर फिरते आणि ती खांद्यावर घ्यायला ही अकरा माणसं पाच दिवस कामावर जात नाहीत. कारखान्याचे मालक पुंडलिकशेट दरवर्षी आरडाओरडा करायचे आणि नंतर गप्प व्हायचे. यंदा त्यांनी फाटकावर कागदच लावला, की जो येणार नाही त्याचं नाव हजेरीतून कायमचं कमी. त्या कागदाखालून अकरा जण गेले ते सरळ पालखीकडे. शेटनी खरोखरच नावं काढली. आता ह्या माणसांपुढे एकच रस्ता उरला होता. बोटीत बसायचं आणि मुंबईला जाऊन गिरणीच्या दारात उभं राहायचं. भिवा जन्मात मुंबईला गेलेला नाही. त्याची बायको गोदा बोटीसाठी वळकटी बांधूनच बसली होती. “ह्येंना जाळाचा रंग कळतो,” ती मला म्हणाली, “पन मुंबईत रस्त्याची कुठली बाजू धरायची ता कोन सांगनार?”

मी रात्रभर कायद्याची पुस्तकं चाळली. मामा, हिंदुस्थान सरकारच्या एकाही कायद्यात शिमगा हा शब्द नाही. मग मीच सात पानांची इंग्रजी नोटीस लिहिली. अशी नोटीस मुंबईच्या मोठमोठ्या बॅरिस्टरांनाही जमली नसती (हे त्यांना कळवू नका). दुसऱ्या दिवशी शेटचा निरोप आला, की कागद मिळाला, पण इथे इंग्रजी वाचणारं कुणी नाही, तेवढं येऊन वाचून दाखवाल तर बरं होईल. काय करणार? गेलो. कारखान्याच्याच आवारात त्यांचं घर आहे. ओसरीवर बसून मी माझीच धमकी मराठीत सांगायला लागलो आणि शेट कोकमाचं सरबत पीत ऐकायला लागले. ‘अन्यथा गंभीर परिणामांना तोंड द्यावे लागेल’ इथे आल्यावर त्यांनी मला थांबवलं, आतून आणखी एक पेला मागवला आणि म्हणाले, “घसा ओला करा, मग परिणाम सांगा.” गंगाकाकूंनी (म्हणजे शेटच्या बायकोने) सरबतात जिरं इतकं छान घातलं होतं, की परिणाम जरा मवाळच झाले.

शेटची बाजूही मी ऐकून घेतली आणि खरं सांगायचं तर ती अगदीच टाकाऊ नव्हती. भट्टी एकदा पेटली की मध्येच सोडता येत नाही. यंदा भिवा नव्हता म्हणून अर्धी कौलं कच्ची राहिली आणि उरलेली तडकली. मी म्हटलं, मग शिमग्यात भट्टी पेटवूच नका. त्यावर ते एकदम उसळले. “का म्हणून? कुणाच्या नावाची रजा देऊ? राजापूर सोडून मला इथे येऊन बारा वर्षं झाली. ती पालखी माझ्या फाटकावरनं जाते आणि आत वळत नाही. माझी बायको रस्त्यात उभी राहून ओटी भरते, परक्यासारखी!” खरंच आहे ते. पालखीची घरं वाडवडलांपासून ठरलेली. नवीन घर त्यात बसत नाही. मी ‘हा मुद्दा रेलेव्हंट नाही’ असं वहीत लिहून घेतलं. (ती वही आता मी पेटीच्या तळाशी ठेवलीय.)

निघताना आणखी एक फजिती झाली. अंगणाच्या मधोमध चिऱ्यांचा एक कमरेएवढा चौथरा आहे, शेणाने सारवलेला, कडेने रांगोळी काढलेला. मी कागद आवरायला म्हणून माझी हॅट त्याच्यावर ठेवली. शेट असे ओरडले की बागेतल्या कोंबड्या उडाल्या. “उचला! उचला ती टोपी! तिथे काही ठेवायचं नसतं!” कौलं रचायच्या चौथऱ्याचं एवढं काय कौतुक, असं मला वाटलं. घाईघाईने हॅट घ्यायला गेलो तर गुडघा चौथऱ्यावर आपटला. तर अशी ती वाटाघाट निष्फळ ठरली.

मग मी ठरवलं की कलेक्टरकडे अर्ज करायचा आणि त्यासाठी साक्षीदार तयार करायचे. भिवाला समोर बसवला आणि बजावलं, की विचारेन तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, हो किंवा नाही. विचारलं, “तू कारखान्यात बारा वर्षं काम करतोस?” तो म्हणाला, “पयल्या वर्साला भट्टी नव्हतीच, नुसता चर व्हता.” मी म्हटलं, “हो की नाही?” तो म्हणाला, “चराला भट्टी म्हनायची तर व्हय.” असं तासभर चाललं. शेवटी त्यानेच मला उलट विचारलं, “आता माजा एक सवाल. तू शितप. पालकीच्या पुडच्या दांड्याला पयला खांदा शितपांचा. तुज्या बापसाला येऊन ईस वर्सां झाली. दर वर्साला त्या जाग्यावर आमी दुसऱ्याला लावतांव आनि देवीची माफी मागतांव. ह्या वर्साला तू हायस. येनार? हो की नाय?” मामा, उलटतपासणी अशी असते हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मी “हो” म्हणून बसलो.

रंगपंचमीला सकाळी मी गावात हजर. धोतर नेसवायला दोन माणसं लागली. (शाळेत पाद्र्यांनी आम्हाला लॅटिन शिकवलं, धोतर नाही.) पायात काही घालायचं नाही म्हणाले. माझे तळपाय बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा जांभ्या दगडाला भेटले आणि दोघांचंही जमलं नाही. पुढच्या दांड्याला पहिला मी, माझ्यामागे महिपत, मागच्या दांड्याला सदू (हे दोघेही त्या अकरांतलेच) आणि शेवटी भिवा, चौघेही एकमेकांच्या मापाने पावलं टाकायची. ढोल सुरू झाला. ती पालखी नुसती उचलायची नसते, नाचवायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ढोल तिघांना कळत होता. मी मनातल्या मनात वन, टू, थ्री म्हणत होतो. मागून महिपत ओरडत होता, “वकीलसायेब, देवीला बसवलंय, गाडीत पोतं घातलेलं नाय!” बघायला लोटलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. चौथ्या घरापर्यंत माझा खांदा गेला. सातव्यापर्यंत माझा अभिमानही गेला. पण एक सांगू? दहाव्या घराशी कधीतरी ढोल माझ्या पायांत उतरला. कसा ते कळलं नाही. एकदम आमचे आठ पाय एकाच माणसाचे झाल्यासारखं वाटलं आणि मी मोठ्याने हसलो. तेवढ्यात ठेच लागली ते सोडा.

पालखी घराशी आली की बायका खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालतात. शेटच्या फाटकासमोरच्या वळणावर गंगाकाकू नेहमीसारख्या ओटी घेऊन रस्त्यात उभ्या होत्या आणि गोदाने आमच्या पायांवर घागर ओतली. तिथे उतार, खाली बारीक खडी, वर पाणी. डावीकडे रस्ता, उजवीकडे शेटचं फाटक. मी डावीकडे वळायला पाऊल उचललं ते एका फुटक्या कौलावर पडलं. पाय सटकला. मी उजवीकडे गेलो, माझ्याबरोबर दांडा गेला, दांड्याबरोबर सोमजाई गेली, आणि ढोलवाल्यांसकट अख्खं गाव पुंडलिकशेटच्या उघड्या फाटकातून आत गेलं.

ढोल थांबला. मी मान खाली घालून उभा. आता हे लोक मला ह्याच खडीत पुरणार, असं वाटलं. तेवढ्यात देवीचे पुजारी, म्हातारे रामा गुरव पुढे आले, पालखीकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, “आई आपल्या पायानं आली.” बस्स. पालखी चुकत नसते, मामा. ती जिथे वळली तिथे तिला वळायचंच होतं. दोनशे माणसांत एकानेही माझ्या पायांकडे पाहिलं नाही. शेट ओसरीवरून उतरले ते अनवाणी आणि त्यांनी चौथऱ्याकडे हात केला. आम्ही पालखी त्यावर टेकवली. चारी खूर चारी कोपऱ्यांवर बरोब्बर बसले, एक बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की कौलं रचायला कुणी रांगोळी काढत नाही. बारा वर्षं तो चौथरा सारवून, फाटक उघडं टाकून तो माणूस वाट बघत होता. आणि मी त्यावर हॅट ठेवली होती.

मग गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे, त्यांनी एकेक मागणं मागायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी, घरधन्यानेसुद्धा, त्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गुरव म्हणाले, “आई सोमजाये म्हाराजा, आज तू ह्या घरात पाय लावलास.” व्हय म्हाराजा! “ह्या घरधन्याच्या भट्टीला बरकत दी.” व्हय म्हाराजा! “तुजी अकरा लेकरां तुज्या खांद्याला आली म्हून त्यांची नावां ग्येली, ती व्हती तिथं परत बसव.” आणि सगळ्यांत मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ कोण ओरडलं असेल? पुंडलिकशेट! मी ताबडतोब वही काढायला हात घातला, कारण एव्हिडन्स ॲक्टात ह्याला चक्क ॲडमिशन, म्हणजे कबुली, म्हणतात आणि इथे दोनशे साक्षीदार होते. पण धोतराला खिसा नसतो.

गंगाकाकूंनी आपल्या अंगणात ओटी भरली. त्या रडत होत्या आणि पदराने पालखीचा खूर पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराही नावं हजेरीत परत लागली. पुढच्या वर्षापासून शिमग्याचे पाच दिवस भट्टी पेटवायचीच नाही असं शेटनी स्वतः सांगितलं, आणि ते लिहून द्यायला मलाच बसवलं. (मराठीत, अर्ध्या पानात, आणि कुठेही ‘अन्यथा’ नाही.) गोदाने वळकटी सोडली. भिवाने भट्टीच्या जाळात डोकावून “पोरीसारखी रुसलीय” असं काहीतरी म्हटलं आणि कामाला लागला. तर अशी माझी पहिली केस.

मामीला नमस्कार. बाकी सर्व क्षेम.

आपला आज्ञाधारक,
हरी

ता. क. बाबांना एवढंच सांगा की हरीने नोटीस पाठवली आणि अकरा माणसं कामावर परत लागली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मधलं फुटकं कौल सांगू नका. आणि येणाऱ्या माणसाबरोबर खांद्याला चोळायचं तेल पाठवा, मोठी बाटली.

ता. क. दुसरा. वरचं लिहून पाकीट चिकटवणार तोच महिपत आला. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाला, की वकीलसायेब, तुमचा पाय घसरलाच नाय, म्याच मागून दांडा उजवीकडे रेटला, देवीला सांगू नका. मी म्हटलं, सांगणार नाही. तो गेला आणि सदू आला. त्यानेही दार लावलं. मागचा दांडा त्याने डावीकडे दाबला होता म्हणे, की पुढचा उजवीकडे जावा. मग गोदा आली. ती म्हणाली, “एका घागरीचं काम व्हतं, म्या दोन ओतल्या.” सगळ्यांत शेवटी भिवा. ते फुटकं कौल त्याने आदल्या दिवशी स्वतः तिथे ठेवलं होतं, तडकलेल्यांतलंच, चांगलं निवडून. चौघांपैकी कुणालाही दुसऱ्याचं माहीत नाही, आणि चौघांनाही वाटतंय की देवीला आपण एकट्यानेच फसवलं. अशिलाने वकिलाला सांगितलेलं वकिलाने बाहेर सांगायचं नसतं असा कायदा आहे, म्हणून मी कुणालाच सांगणार नाही. (तुम्ही बाहेरचे नाही, मामा आहात.) आता मला प्रश्न पडलाय तो निराळाच. एवढ्या सगळ्यांनी उजवीकडे ढकललं, तर मी एकटा डावीकडे वळायला का बघत होतो?

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. भिवा उठता उठता म्हणाला, “तू चांगला खांदा दिलास. पन तू दुसरा शितप. पयल्याची जागा अजून रिकामीच हाय.” बाबा गिरणीत जॉबर आहेत, माणसं कामावर घेणं-काढणं त्यांच्याच हातात, आणि शिमग्याला गावी जाणाऱ्यांची नावं हजेरीतून तेच काढतात, हे मी त्याला सांगू शकलो नाही. तुमचं ते ऐकतात, फक्त तुमचंच. पुढच्या शिमग्याला त्यांना बोटीत बसवाच. खुशाल सांगा, पहिला खांदा त्यांचा, मी मागे उभा राहीन. रजा मिळत नाही म्हणाले, तर म्हणावं घाबरू नका, अशा केसेसना रत्नागिरीत एक वकील आहे, आणि पाडव्यानंतरही तो तिथेच असणार आहे.